वाट कोणी कोणाला द्यायची? बोरघाटाच्या रस्त्याचा इतिहास आणि एक जुना प्रश्न



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञानाच्या माणसानं ट्रक आणि मोटारींवर काय बोलायचं? हे काम वाहतूक पोलिसांचं, फार तर अभियंत्यांचं. पण मी आज ज्या प्रश्नाकडे तुमचं लक्ष वेधणार आहे तो मुळात नीतिशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तोही फार जुना. अरुंद वाटेवर दोघे समोरासमोर आले, तर बाजूला कोणी व्हायचं? मोठ्यानं की लहानानं? भरलेल्यानं की रिकाम्यानं? चढणाऱ्यानं की उतरणाऱ्यानं?

डेव्हिड ह्यूम हा अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ. १७५१ साली त्याचा नीतितत्त्वांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. समाजाचे नियम कुठून येतात, याची चर्चा करताना तो एकदम गाडीवानांकडे वळतो. माणसं एकमेकांशी नुसता व्यवहार करायला लागली, रस्त्यावरून नुसती जायला लागली, तरी त्यांना नियम लागतात, असं त्याचं म्हणणं. आणि मग एका तळटीपेत तो गाडीवानांचे नियम सांगतो. हलक्या गाडीनं जड गाडीला वाट द्यावी. दोन्ही गाड्या सारख्या असतील तर रिकामीनं भरलेलीला वाट द्यावी. याचं कारण तो देतो ते फक्त सोय. जड गाडी थांबवायला, वळवायला, पुन्हा हलवायला कष्ट जास्त. हलकीला ते कमी. म्हणून ज्याला सोपं त्यानं करावं.

पण तिथेच तो आणखी एक नियम सांगतो. राजधानीकडे जाणाऱ्याला राजधानीकडून येणाऱ्यानं वाट द्यावी. हा नियम सोयीचा नाही, मोठ्या शहराच्या प्रतिष्ठेचा आहे, असं ह्यूम थोड्या मिस्कीलपणे नोंदवतो. म्हणजे वाट देण्यामागे दोन प्रकारची कारणं असतात. एक सोयीचं आणि दुसरं मानाचं.

आपल्याकडेही हे दोन्ही प्रकार एकत्र सापडतात. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वाट कोणाला द्यावी याची यादी आहे. वाहनात बसलेला, अतिवृद्ध, आजारी, ओझं वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव. आता ही यादी नीट पाहा. म्हातारा, आजारी, ओझेवाला यांना वाट द्यायची ती त्यांच्या अडचणीमुळे. राजा आणि स्नातक यांना द्यायची ती मानामुळे. पुढच्याच श्लोकात राजा आणि स्नातक समोरासमोर आले तर राजानं वाट द्यावी असं सांगितलंय. तिथे सोय संपली, फक्त प्रतिष्ठेची उतरंड उरली. आणि ही उतरंड नुसती कागदावर राहिली नाही, हे तुम्हाला सांगायला नको. १९२४-२५ साली केरळात वायकोमला सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हे, देवळाभोवतालच्या रस्त्यावरून चालण्यासाठी. रस्ता सगळ्यांचा, ही कल्पना आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. ती भांडून मिळवावी लागलेली आहे.

मानाच्या नियमाचा शेवटचा अवशेष आपण अगदी अलीकडे, १ मे २०१७ पासून, गाड्यांवरचे लाल दिवे काढून पुसायचा प्रयत्न केला. तो किती पुसला गेला, ते तुम्ही ठरवा. माझा आजचा मुद्दा असा की रस्त्यावर टिकण्याच्या लायकीचा नियम एकच, सोयीचा आणि अडचणीचा. आणि हा नियम आपण कसा शिकलो, कुठे विसरलो, हे पाहायला आपल्याकडे एक उत्तम जागा आहे. ती म्हणजे बोरघाट, आपण ज्याला खंडाळ्याचा घाट म्हणतो तो.

कोकण आणि देश यांच्यामधली ही भिंत. पूर्वी इथून माल जायचा तो बैलांच्या पाठीवर. लमाणांचे तांडे मीठ खालून वर आणायचे, धान्य वरून खाली न्यायचे. वाट अरुंद, चढ उभा. गाडी चालेल असा रस्ता १८३० साली झाला, मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत. त्यानंतर बैलगाड्या घाट चढू-उतरू लागल्या. आणि गाडी आली म्हणजे वाट देण्याचा प्रश्न आला.

घाटातल्या गाडीवानाला एक गोष्ट कोणी पुस्तकातून शिकवली नव्हती. चढावर भरलेली गाडी थांबली तर ती पुन्हा हलवणं म्हणजे बैलांचा जीव काढणं. म्हणून चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं. गंमत बघा, आजच्या मोटार वाहन नियमांतही हे आहे. डोंगरी आणि तीव्र उताराच्या रस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत हे आहे, नंतरही ते कायम राहिलं. ह्यूमचा गाडीवान, मनूचा ओझेवाला आणि आपला कायदा या एका बाबतीत सहमत आहेत. ज्याच्यावर भार आहे त्याची गती मोडू नका.

आता याची दुसरी बाजू. चढताना भार ही अडचण आहे. उतरताना तोच भार धोका आहे. भरलेली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर येते, म्हणून चाकाला लाकूड घासत, गाडी मागून दोरानं धरत उतरवायची. म्हणजे भरलेल्याला चढताना हक्क आहे आणि उतरताना कर्तव्य आहे. हे दोन्ही एकाच वजनातून येतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

१८६३ साली याच घाटातून आगगाडी सुरू झाली. चढ सदतीसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या दृष्टीनं हा भयंकर चढ. रेल्वेच्या लोकांनी इथे जो विचार केला त्याला मी फार मोठा विचार मानतो. त्यांनी असं धरलं नाही की ड्रायव्हर दक्ष असेल, ब्रेक चांगले असतील, सगळं ठीक होईल. त्यांनी असं धरलं की कधीतरी ब्रेक लागणार नाहीत. मग त्या दिवसासाठी काय करायचं? त्यांनी मुख्य मार्गाला फुटलेले आडमार्ग बांधले. रेल्वेच्या भाषेत त्याला कॅच सायडिंग म्हणतात. हा आडमार्ग वर चढत जातो. सुटलेली गाडी त्यावर वळली की चढामुळे आपोआप थांबते. आणि यातली खरी मेख अशी की सांधे मुळात त्या आडमार्गाकडेच लावलेले असतात. उतरणाऱ्या गाडीनं आधी थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखवायचं, मग तिला मुख्य मार्ग मिळतो. आजही लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या गाड्या घाटात मंकी हिलसारख्या ठिकाणी ब्रेकच्या तपासणीसाठी थांबतात. प्रवासी वैतागतात, काय हे मध्येच थांबलं म्हणून. ती काही सेकंदं दीडशे वर्षांच्या शहाणपणाची असतात.

या व्यवस्थेत माणसाच्या चांगुलपणावर विसंबलेलं काही नाही. चूक होणार हे गृहीत धरून, चुकीची किंमत जीव नसावी असं बांधकाम केलेलं आहे. रेल्वेनं हे एकोणिसाव्या शतकात ओळखलं. त्याच डोंगरातल्या रस्त्यानं ते ओळखायला किती वेळ लावला, हा आजच्या कथेचा दुःखाचा भाग.

आता मोटारीकडे येऊ. इंग्लंडमध्ये १८६५ साली कायदा झाला, त्याला लोक लाल निशाणाचा कायदा म्हणतात. रस्त्यावर वाफेवर चालणारी अवजड यंत्रं येऊ लागली होती. कायद्यानं सांगितलं, खेड्यातल्या रस्त्यावर वेग ताशी चार मैल, गावात दोन मैल. आणि यंत्राच्या पुढे साठ यार्डांवर लाल निशाण घेऊन माणूस चालला पाहिजे. आपण आज याला हसतो. पण यामागचं तत्त्व हसण्यासारखं नाही. जो नवा आहे, जड आहे, धोक्याचा आहे, त्यानं इतरांना सावध करायचं. सावधगिरीचा भार जडावर टाकलेला होता. कार्ल बेन्झनं १८८६ साली मोटारीचं पेटंट घेतलं. १८९६ साली डाइमलरनं पहिला मोटारट्रक बनवला. आणि त्याच १८९६ साली इंग्लंडनं हा कायदा सैल केला. पुढच्या तीस वर्षांत सावधगिरीचा भार हळूहळू उलटा फिरला. अमेरिकेत १९२० च्या दशकात रस्ता मनमानी ओलांडणाऱ्या पादचाऱ्यालाच हिणवणारा शब्द रूढ झाला. रस्ता यंत्राचा झाला, माणसानं बाजूला व्हायचं.

आपल्याकडे काय झालं? १९२७ साली सरकारनं रस्ते विकासासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर. मुंबईचे नामांकित बॅरिस्टर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांच्या समितीनं सांगितलं की रस्ते ही राष्ट्राची बाब आहे, आणि पेट्रोलवर जादा कर बसवून त्यासाठी निधी उभारावा. १९२९ मध्ये तो निधी झाला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. म्हणजे रस्त्याची बाजू मजबूत होऊ लागली. पण मग सरकारला रेल्वेची काळजी पडली. मोटारी रेल्वेचा धंदा खातील! १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात माल वाहतुकीसाठी परवान्यांची जी घट्ट व्यवस्था आली, तिच्यामागे ही काळजी मोठी होती. नंतर १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्राम मार्ग ही जी आपली वर्गवारी आहे ती त्या नागपूर योजनेतली.

याच काळात आणखी एक माणूस पाहा. वालचंद हिराचंद. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांची कामं ज्या ठेकेदारांनी केली त्यांत ते होते. त्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी आणि ट्रक बाहेर पडू लागले. १९५४ साली टाटांनी डाइमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. स्वातंत्र्याच्या वेळी देशाचा बहुतांश माल रेल्वेनं जात होता. आज निम्म्याहून कितीतरी जास्त माल रस्त्यानं जातो. तुमच्या घरातला तांदूळ, औषधं, सिमेंट, या खोलीतली खुर्ची, सगळं कधी ना कधी ट्रकमधून आलेलं आहे. मोटारीतून जाताना आपण ज्याला वैतागून म्हणतो, 'हा कुठून आला मध्ये', तो आपल्याच घरी चाललेला असतो.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर या सगळ्यांचा एक अलिखित करार होता. डांबराची पट्टी अरुंद, दोन्ही बाजूंना मातीची साइडपट्टी. मागच्यानं हॉर्न द्यायचा, पुढचा ट्रक साइड द्यायचा. ड्रायव्हर हात दाखवायचा, रात्री दिवा मिचकावायचा. ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं असायचं, त्याचा अर्थच हा, की मला मागचं दिसत नाही, तू आहेस हे मला कळव. महाराष्ट्रात २०१५ साली हे लिहायला मनाई झाली, कारण त्यामुळे लोक उगाच हॉर्न वाजवतात. आवाजाच्या दृष्टीनं निर्णय बरोबर होता. पण त्या तीन शब्दांत एक प्रामाणिक कबुली होती, ती आपण नीट वाचली नाही.

आणि ट्रकमध्ये एक दुसरा माणूस असायचा. क्लीनर, ज्याला आपल्याकडे किन्नर म्हणतात. तो डाव्या बाजूला बसायचा. डावीकडून कोण येतंय, सायकलवाला आहे की म्हैस, हे खिडकीबाहेर डोकं काढून सांगायचा. 'आन दे, आन दे, बस!' हे त्याचं शास्त्र. तो गरीब पोऱ्या खरं म्हणजे ट्रकचा डावा डोळा होता. आज अनेक ट्रकांवर एकटा ड्रायव्हर असतो. खर्च वाचला. डोळा गेला.

मग २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. साधारण साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सहा मार्गिका, मधे दुभाजक. दुचाकी, रिक्षा, बैलगाडी, पादचारी यांना बंदी. देशातला अशा तऱ्हेचा पहिलाच मोठा रस्ता. आणि आपण त्यावर जुन्या रस्त्याची वागणूक घेऊन गेलो. बिघाड इथे सुरू होतो.

जुन्या रस्त्यावर ट्रकवाला उजवीकडून, मधून चालायचा, त्याला कारण होतं. डावीकडे खड्डे, उभ्या गाड्या, माणसं, जनावरं. डावीकडे गेला तर कोणीतरी मरायचं. चाळीस-पन्नास वर्षं ही सवय अंगात मुरली. नव्या रस्त्यावर नियम उलटा. अवजड वाहनानं सर्वांत डावीकडची मार्गिका धरायची, उजवी फक्त पुढे जाण्यासाठी मोकळी ठेवायची. ट्रक उजवीकडे राहिला की मोटारी डावीकडून घुसतात. आणि आपल्या देशात ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे डावी बाजू ही त्याची आंधळी बाजू. जिथे त्याला दिसत नाही, नेमक्या तिथूनच आपण जातो.

अमेरिकेत १९९० च्या दशकात ट्रकच्या या आंधळ्या जागांबद्दल लोकशिक्षणाची मोहीम निघाली. त्यांचा हिशेब असा की मोठ्या ट्रकच्या पुढे साधारण वीस फूट, मागे तीस फूट ड्रायव्हरला काही दिसत नाही, आणि ज्या बाजूला तो बसलेला नाही त्या बाजूला तर दोन मार्गिकांइतकी जागा अंधारात असते. त्यांच्याकडे ती उजवी, आपल्याकडे डावी. यावर त्यांनी दिलेली खूण सोपी आहे. तुम्हाला ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्याला तुम्ही दिसत नाही. तत्त्वज्ञानात आम्ही दुसऱ्याच्या मनाचं ज्ञान कसं होतं यावर वर्षानुवर्षं वाद घालतो. रस्त्यावर त्याचं उत्तर आरशात मिळतं!

आता थोडं गणित, घाबरू नका. ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ अठ्ठावीस मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात तुम्ही बेचाळीस मीटर गेलात, ब्रेक अजून लागायचाच आहे. दुसरं गणित. चढावर भरलेला ट्रक तीसच्या वेगानं चाललाय, तुम्ही नव्वदनं येताय. फरक साठचा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. शंभर मीटरवर दिसणारा ट्रक सहा सेकंदांत तुमच्या बॉनेटवर असतो. मोबाइलवर एक निरोप वाचायला याहून जास्त वेळ लागतो. तिसरं गणित वजनाचं. २०१८ साली सरकारनं तीन आसांच्या ट्रकला परवानगीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन केलं. तुमची मोटार दीड टनाच्या आत. म्हणजे वीसपट. समान वेगात त्याच्या अंगातली ऊर्जा तुमच्या वीसपट. ती कुठेतरी जिरवायची असते, ब्रेकमध्ये तरी, नाहीतर समोरच्या वस्तूत. म्हणून ट्रकच्या पुढे एकदम शिरून ब्रेक मारणं हे धाडस नव्हे. तुम्ही त्याच्या थांबण्याची जागा चोरलीत.

मागून ट्रकला धडकण्याचा धोका वेगळाच आहे. ट्रकचा मागचा भाग उंच असतो. मोटार त्याखाली घुसते, आणि आपल्या डोक्याच्या उंचीला त्याची कडा येते. मोटारीच्या पुढच्या भागातली सगळी सुरक्षा, एअरबॅग, दुमडणारं बॉनेट, हे काहीच मध्ये येत नाही. १९६७ साली अमेरिकन अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड अशाच अपघातात गेली. ट्रकच्या मागे जो आडवा दांडा असतो त्याला तिकडे तिच्या नावानं ओळखतात. तरीही त्या दांड्याची उंची जमिनीपासून बावीस इंचांपर्यंत आणायला तिथे १९९८ साल उजाडलं. आपल्याकडेही नियमानं हा दांडा हवा. पुढच्या वेळी सिग्नलला थांबाल तेव्हा समोरच्या ट्रकच्या मागे बघा. दांडा आहे का? सरळ आहे का? लाल परावर्तक पट्टी दिसते की चिखलानं झाकलीय?

आपल्या मराठी घरांना हा रस्ता नुसता रस्ता राहिलेला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन अभिनेते या मार्गावर गेले. दुभाजक ओलांडून पलीकडून आलेलं मालवाहू वाहन त्यांच्या मोटारीवर आदळलं. ऑगस्ट २०२२ मध्ये विनायक मेटे यांची मोटार पुढच्या अवजड वाहनावर आदळली. ही नावं आपल्याला माहीत म्हणून आठवतात. ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांची संख्या सांगतो. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. एका वर्षात, एक मध्यम आकाराचं गाव नव्हे, शहर.

आणि उतार. बैलगाडीवाल्याला जे ठाऊक होतं, ते डिझेलच्या हिशेबात हरवलं. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की डिझेल वाचतं, असा समज. खरं तर उतारावर खालचा गिअर ठेवला की इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात, तापलेले ब्रेक पकड सोडतात, आणि मग ड्रायव्हर म्हणतो, ब्रेक फेल झाले. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका जड वाहनानं जवळजवळ ४८ गाड्यांना ठोकरलं. शहराच्या गर्दीत उतरणारा लांब उतार, आणि सुटलेल्या वाहनासाठी आडमार्ग नाही! घाटातल्या रेल्वेनं जो प्रश्न १८६३ साली विचारला, की ब्रेक लागले नाहीत तर काय, तो प्रश्न विचारायला आपल्या रस्त्यांना किती उशीर झाला बघा. जगात डोंगरी रस्त्यांवर खडी-वाळूनं भरलेले चढते आडमार्ग असतात. कल्पना तीच, कॅच सायडिंगची.

मग जबाबदार कोण? आपल्याकडे लोकांचा कल ठरलेला आहे. मोठ्या गाडीवाल्याची चूक. अपघात झाला की जमाव ट्रकच्या ड्रायव्हरला ओढून मारतो, म्हणून तो पळतो. पळतो म्हणून गुन्हेगार ठरतो. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. जुलैमध्ये संहिता लागू झाली, पण ते उपकलम लागू केलं नाही. या वादात दोन्ही बाजूंना काहीतरी खरं होतं. जखमीला टाकून पळणं अक्षम्य आहे. आणि जमावाच्या हाती सापडण्याची भीतीही खोटी नाही.

इथे मला ह्यूमच्या नियमात एक भर घालायची आहे. हलक्यानं जडाला वाट द्यावी, हे सोयीचं आहे. पण वाट मिळणं म्हणजे सूट मिळणं नव्हे. वाट देणं हे हलक्याचं काम, आणि आवरणं हे जडाचं काम. यात 'जड' म्हणजे फक्त चक्रामागचा माणूस धरू नका. ट्रकचा मालक, माल वेळेत हवा म्हणणारा व्यापारी, जादा भरणारा, रस्ता बांधणारा, आणि 'आजच डिलिव्हरी हवी' म्हणणारे आपण, हे सगळं मिळून ते वजन होतं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम असं लिहिलेलं होतं. साठ वर्षांहून जास्त काळ चाललेला कायदा! रात्रीच्या घाटात किती ड्रायव्हर आठ तासांत बसतात, हे ढाब्यावर विचारून बघा. ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन असावं हे बंधन नव्या ट्रकांना लागू झालं ते ऑक्टोबर २०२५ पासून. आपल्या मोटारीतला माणूस गारव्यात, आणि वीसपट वजन सांभाळणारा माणूस मे महिन्यात इंजिनाशेजारी. दक्षता कोणाकडून जास्त अपेक्षित होती?

निराश व्हायचं कारण नाही. या द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं गेली. त्याच वर्षी शासकीय यंत्रणा, एक स्वयंसेवी संस्था आणि उद्योग यांनी मिळून मृत्यू शून्यावर आणायचं काम हाती घेतलं. त्यांनी उपदेश कमी केला, रस्ता बघितला. कडेचे उघडे कठडे झाकले, दुभाजक सावरले, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांकडे लक्ष दिलं. २०१९ पर्यंत आकडा शंभराच्या खाली आला. घाटातला ब्रिटिश काळातला अमृतांजन पूल, ज्याच्या खांबांमुळे रस्ता आवळला जायचा, एप्रिल २०२० मध्ये पाडला. शून्य झालं का? नाही. पण आकडा खाली येतो, म्हणजे तो नशिबात लिहिलेला नव्हता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण अपघाताला 'काळ आला होता' म्हणतो. काळ आला नव्हता, कठडा उघडा होता.

शेवटी, मोटार चालवणाऱ्यांसाठी या इतिहासातून निघणारे चार नियम सांगतो. एक, ट्रकच्या डाव्या बाजूला रेंगाळू नका. जायचं तर उजवीकडून, वेगमर्यादेत, पण पटकन जा. दोन, पुढे गेल्यावर तुमच्या आरशात त्याचं अख्खं तोंड दिसेपर्यंत त्याच्या मार्गिकेत येऊ नका. तीन, मागे असाल तर इतकं अंतर ठेवा की एखाद्या खांबापासून तो गेल्यावर तुम्ही निदान तीन-चार सेकंदांनी तिथे पोहोचाल. पावसात, धुक्यात त्याच्या दुप्पट. चार, घाटात चढणाऱ्या ट्रकची गती मोडू नका, आणि उतरणाऱ्या ट्रकच्या पुढे थांबू नका. गाडी बंद पडलीच तर माणसं गाडीतून उतरवून कठड्यापलीकडे न्या, मग फोन करा.

ह्यूमनं नियम कसे जन्मतात हे समजावताना आणखी एक उदाहरण दिलं होतं. दोन माणसं एक होडी वल्हवतात. त्यांनी एकमेकांना वचन दिलेलं नसतं, पण दोघांच्या वल्ह्यांचा ताल जुळतो, कारण न जुळला तर होडी जात नाही. रस्ता ही तशीच होडी आहे. फरक एवढाच की इथे एका वल्हेकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या वीसपट आहे. हलक्यानं ताल ओळखायचा, जडानं ताल सांभाळायचा, आणि ताल चुकला तरी कोणी बुडू नये अशी होडी बांधायची. यातलं शेवटचं काम सरकारकडून मागून घेणं हे नागरिक म्हणून आपलं काम आहे. पहिलं तर आज घरी जातानाच करता येईल.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.